कळशीवरची तिसरी ओळ

लातूरचे लोक नवी मुंबईला नोकरीसाठी जातात. मी गेले दोन पोरींसाठी, आणि त्या पोरी खऱ्या नाहीत. मीच लिहिलेल्या आहेत.

चंद्रा आणि मथी. वय सोळा-सतरा. साठ-सत्तर वर्षांपूर्वी उरणकडच्या मिठागरात राबणाऱ्या. माझ्या कुमार कादंबरीत त्या एकमेकींच्या प्रेमात पडतात. संपादकबाईंनी हस्तलिखित वाचलं, भाषेचं कौतुक केलं आणि मग फोनवर म्हणाल्या, "प्रतीक्षा, हे तू आजचं उचलून तेव्हाच्या काळात नेऊन ठेवलंयस. असं तेव्हा नव्हतं गं. मोठ्यांचं पुस्तक असतं तर चाललं असतं. मुलं हे इतिहास म्हणून वाचणार. एक तर त्यांना नुसत्या मैत्रिणी कर, नाहीतर मला काहीतरी आधार दाखव. महिनाअखेरपर्यंत वेळ घे."

मी आठ वर्षं, बायकांवर प्रेम करणाऱ्या आम्हा बायकांसाठी, पत्रकं लिहिते आहे. "असं तेव्हा नव्हतं" हे वाक्य मी डॉक्टरांकडून, मास्तरांकडून आणि माझ्या सख्ख्या आईकडून ऐकलेलं आहे. तेव्हा लढाया होत्या, दुष्काळ होते, खरूजसुद्धा होती. आम्ही तेवढे नव्हतो. आम्ही मोबाईलबरोबर आलो.

ही कादंबरी लिहायची खुमखुमी मला एका इंग्रजी पुस्तकानं दिली होती. अमेरिकेच्या सीमेवरच्या गावातल्या, मेक्सिकन घरांतल्या दोन मुली. काळ शंभर वर्षांपूर्वीचा, पुस्तक कुमारवयाच्या मुलांसाठी. घरात स्पॅनिश, शाळेत इंग्रजी आणि दोघींमध्ये जे आहे त्याला दोन्हीकडे शब्द नाही. पुस्तकापेक्षा त्याच्या मागची चार पानं मी जास्त वेळा वाचली. तिथं लेखिकेनं सरळ सांगितलं होतं: हे कागदपत्रांत सापडलं, हे आजीकडून ऐकलं, हे मी रचलं. म्हणजे तिलाही कुणीतरी विचारलंच असणार, "असं तेव्हा होतं का?" मला तशी चार पानं हवी होती. माझ्याकडे अर्धंही नव्हतं. मीठ मी पुडीतलं बघितलेलं. मिठागरात मी पाऊल टाकलेलं नव्हतं.

म्हणून फेब्रुवारीत पाच दिवस गेले. ज्या गावात गेले त्याचं नाव इथं लिहीत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत, माझं सोडून. का, ते पुढे येईल.

खांदेश्वर

उतरले सायलीकडे. लातूरच्या हॉस्टेलच्या गच्चीवर आम्ही दोघींनी आमचं पहिलं पत्रक लिहिलं. तिचं अक्षर चांगलं म्हणून लिहिलं तिनं. मला राग चांगला येतो म्हणून मजकूर माझा. आता ती ऐरोलीत एका कंपनीच्या बॅक ऑफिसला आहे आणि खांदेश्वरला तेजलबरोबर राहते. सहा वर्षांचा संसार आहे दोघींचा. एके काळी मला सायली हवी होती. हे तिला माहीत आहे, तेजललाही माहीत आहे. विषय संपला.

लिफ्टमध्ये शिरताना सायली हळूच म्हणाली, "ए, सोसायटीत जरा सांभाळून हां. आम्ही रूममेट आहोत."

"कुणासाठी?"

"सगळ्यांसाठी. समोरच्या काकूंना सांगितलंय, तेजलसाठी स्थळं बघताहेत."

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली. काकू बिचाऱ्या अजून विचारतात."

मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर संतापही. ज्या हातानं मी सांगितलेला मजकूर लिहिला, तोच हात आता लिफ्टचं बटण दाबून मला गप्प राहायला सांगत होता. मजल्यावर चार दारं आणि तीन पाट्या. पाटी नसलेलं दार यांचं.

स्वयंपाकघरात ओट्यावर स्टीलचा एक डबा पालथा घातलेला. सायली त्याच्याकडे बघत उभी. "काकूंचा आहे. परवा गुळपोळ्या आल्या होत्या. आता रिकामा कसा देऊ?" मी लातूरहून आणलेली शेंगदाण्याची चटणी त्यात भरली. प्रश्न मिटला. रिकामं भांडं परत करायचं नाही, हे आमच्याकडचं इथं पंधराव्या मजल्यावरही चालतं बघून मला उगाच बरं वाटलं.

त्या डब्यावर नाव कोरलेलं होतं. काकूंच्या मुलाच्या मुंजीतला डबा. मग माझं लक्ष गेलं: या दोघींच्या घरात एकाही भांड्यावर नाव नाही. सगळं प्लास्टिक, काच, ऑनलाइन मागवलेलं. आमच्या लातूरच्या घरात वाटीसुद्धा नाव सांगते. आत्याची परात, मामाचं पिंप, दादा-वहिनीच्या नावाचा अख्खा सेट. माझ्या नावाचं काही नाही. मुलीच्या नावाची भांडी तिच्या लग्नात होतात. लग्न नाही तर भांडी नाहीत.

रात्रीच्या जेवणाला तेजलनं सोलकढी केली होती. दोघी एकमेकींच्या ताटात न विचारता वाढत होत्या. मी माझं मी घेतलं.

द्रोणागिरीच्या पुढे

सायलीच्या ऑफिसातल्या एकाचं गाव द्रोणागिरीच्या पुढे. तो एकदा डबा खाताना सहज बोलून गेला होता: आमच्या गावात दोन बायका होत्या, एक धवलारीण, दुसरी तिच्या सोबतीची, धवलारीण मरेपर्यंत एका घरात राहिल्या. त्याला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. सायलीनं मला कळवलं, आणि मी तिकीट काढलं.

धवलारीण म्हणजे काय, हे मलाही माहीत नव्हतं. आगरी लोकांमध्ये जुन्या रीतीनं लग्न लागायचं ते भटजीनं नाही, धवलारणीनं. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, धवला. तो तिला येतो. ती गाते आणि लग्न पुढे सरकतं. ती गप्प बसली तर लग्न थांबतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

रस्त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. दोन्ही बाजूंना कंटेनर एकावर एक रचलेले, निळे, तांबडे, गंजलेले. गोदामांच्या भिंती इतक्या लांब की रिक्षा चालतेय की भिंत, तेच कळत नाही. उभ्या ट्रेलरच्या सावलीत ड्रायव्हर स्टोव्हवर भात शिजवत होते. हवेला खारट वास होता. "इकडं पहिलं मिठागरं व्हती ना?" मी रिक्षावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "आमी पण मिठागरच होतो मॅडम. भराव पडला न् आमी रिक्षा झालो."

त्या दोघींतल्या मागे राहिलेल्या द्वारकाबाई घराच्या ओटीवर जवळा निवडत बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या. नऊवारी गुडघ्यापर्यंत, पायांचे तळवे भेगाळून दगडासारखे. सोबत राहणारा त्यांचा भाचा कामावर गेलेला. भाच्याची बायको, रंजनावहिनी, दारात उभी.

"कोन गो तू?" द्वारकाबाईंनी वर न बघता विचारलं.

"लातूरहून आलेय. पुस्तक लिहितेय."

"जमिनीची नाय ना?"

"नाही."

"बँकेची?"

"नाही हो."

"मंग बस."

मी पत्रकवाली बाई. तीन मिनिटांत मुद्द्यावर येते. पण आधी जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, इतकी मऊ की आमच्या ज्वारीच्या भाकरीनं लाजावं, आणि कसल्याशा बारीक काट्यांच्या माशाचं कालवण. दुसऱ्याच घासाला काटा घशात. डोळ्यांतून पाणी आलं, रंजनावहिनी घाबरली. द्वारकाबाईंनी कोरड्या भाकरीचा गोळा वळून माझ्या तोंडात कोंबला. "चावू नुको, गिल." गिळला. काटा गेला. "मासा खाता येत नाय न् बुक लिवतं," त्या रंजनावहिनीला म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

मग मी माझं पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. दिवाळीनंतरच्या पुनवेचं टिपूर चांदणं, मिठाच्या पांढऱ्या राशी, त्यांच्या आडोशाला चंद्रा आणि मथी पहिल्यांदा एकमेकींचा हात धरतात. माझं सगळ्यात आवडतं पान.

द्वारकाबाईंचे हात थांबले. "दिवालीला कुटला गो मीठ?"

"म्हणजे?"

"दिवालीला नुसता चिखल. तो तुडवाचा. पायान तुडवून तुडवून जमीन घट कराची. मंग खारा पानी घ्याचा. मंग उन्हाला बसला का मीठ. शिमग्याकडं रास." त्यांनी मान हलवली. "तुझे पोरी खोट्या हायत."

आठ वर्षांत मला कुणी इतकं सरळ खोटं पाडलेलं नाही. संपादकबाईंनीही नाही. त्यांना प्रेम खोटं वाटलं होतं. मीठ खोटं आहे हे त्यांना कळलंही नव्हतं.

"मग तुडवायचं कसं?" मी वही काढली.

"दोगी दोगींनी. येकमेकींचे खांद्याव हात टाकाचा न् तुडवाचा. येक घसरली का दुसरी धरील. मी न् हिरा येकाच वाफ्यान." त्या उठल्या. खरंच उठल्या. ओटीवर उभं राहून त्यांनी डावा हात रिकाम्या हवेत, बरोबर एका बाईच्या खांद्याच्या उंचीवर ठेवला आणि दोन पावलं तुडवून दाखवली. मग हात खाली घेतला.

मी वहीत काहीच लिहिलं नाही. नंतर लिहिलं.

ती धवलारीण म्हणजे हिराबाई, लहानपणीच विधवा झालेल्या. आईकडून धवला शिकल्या. द्वारकाबाईंच्या नवऱ्यानं दुसरी केली, तशा त्या माहेरी परत आल्या. भावाच्या घरात जागा नव्हती. हिराबाई म्हणाल्या, माझ्याकडे ये. गेल्या. चाळीस वर्षं. हिराबाईंना जाऊन आता बारा वर्षं झाली.

"तुमचं प्रेम होतं का एकमेकींवर?" मी विचारलं. अशीच विचारते मी. मला वळणं घेता येत नाहीत.

रंजनावहिनीनं पदर तोंडाला लावला. द्वारकाबाई जवळ्यातला कचरा वेचत राहिल्या. "ती न्हाऊन आली का मी तिचं केस पुसाची. रोज. त्याला काय बोलतान ता तू लिव. मना कनाला इचारतंस?"

"आणि गाव? गाव काही बोललं नाही?"

"बोलला ना. बोलनार नाय त गाव कसला?" त्या पहिल्यांदा माझ्याकडे नीट वळल्या. "आयक."

आणि त्यांनी सांगितलं. द्वारकाबाई राहायला आल्यानंतरचं गावातलं पहिलं लग्न. धवलारणीला मान म्हणून लुगडं द्यायची रीत. हळदीच्या वेळी यजमानांनी पाटावर एक लुगडं ठेवलं. हिराबाईंनी ते बघितलं आणि त्या गप्प बसल्या. हळद वाटून तयार, नवरी पाटावर, वाजंत्री बाहेर खोळंबलेले. धवला नाही. कुणीतरी विचारलं, काय झालं? हिराबाई म्हणाल्या, "माजे घरान दोन मानसा हायत."

मांडवात कुजबुज झाली. एक म्हातारा शिवी हासडून उठून गेला. मग यजमानांची आई, घरातली म्हातारी, आत गेली, स्वतःसाठी आणलेलं कोरं लुगडं घेऊन आली आणि पाटावर पहिल्याच्या शेजारी ठेवलं. हिराबाईंनी धवला सुरू केला.

"त्या दिसापासून परतेक लग्नान दोन लुगरी," द्वारकाबाई म्हणाल्या. "येक हिराचा, येक माजा. जोडीचा मान."

मग रंजनावहिनीनं आतून कळशी आणली. पितळी, चिंचेनं घासून लख्ख. पोटावर बारीक टिंबं ठोकून कोरलेल्या तीन ओळी. *धवलारीण हिराबाई व*. *द्वारकाबाई यांस*. आणि तिसऱ्या ओळीत त्या म्हातारीच्या घराचं नाव, पुढे *यांचे घरातून, लेकीचे लग्नाचे मानाबद्दल*. त्या पहिल्या लुगड्यानंतर कितीतरी वर्षांनी, त्याच घरानं दिलेली.

"फोटो काढू?"

"काढ का."

खांदेश्वर, दुसऱ्यांदा

आता माझा गुन्हा. सविस्तर लिहिते, कारण दुसऱ्याचा असता तर सविस्तरच लिहिला असता.

परत येईपर्यंत माझ्या अंगात वारं शिरलं होतं. फोटो आमच्या पत्रकवाल्या गटाला पाठवला. पोस्टर मीच केलं. वर मोठ्या अक्षरांत "आम्ही तेव्हाही होतो", खाली कळशी. चौकटीत तीन ओळी मावत नव्हत्या. तिसरी मी कापली. मावत नव्हती हे खरं, पण तेवढंच खरं नाही. ती माझ्या म्हणण्याच्या आड येत होती. माझ्या पत्रकात गाव नेहमी जुलमी असतं आणि आम्ही त्याच्याविरुद्ध. गावानं लुगडं दिलं, कळशी दिली, हे मी घालू कुठे? म्हणून कापली.

संपादकबाईंनाही तेच पाठवलं. लगेच फोन आला. "प्रतीक्षा, कमाल केलीस! हा फोटो शेवटी छापू. मग कोण काय बोलतंय बघू. तुझ्या पोरी आहेत तशाच राहिल्या बघ."

मी स्वयंपाकघरात नाचले. तेजल टाळ्या वाजवत होती. सायलीनं पोस्टर दोनदा बघितलं. "त्या आजींना विचारलंस, टाकू का म्हणून?"

"फोटो काढू दिला त्यांनी."

"पतू, मी ते विचारलं नाही."

"तू विचारूच नकोस," मी म्हणाले. "तू चार वर्षं स्थळं बघतेयस."

हे बोलायला नको होतं. सायली बाल्कनीत कपडे काढायला गेली, वाळलेले नसताना. तेजल तिच्या मागे गेली. मी पोस्टर किती ठिकाणी गेलंय ते बघत ओट्याजवळ एकटीच उभी राहिले. सगळीकडे गेलं होतं.

पुन्हा ओटीवर

दुसऱ्या दिवशी गोड घेऊन गेले. रंजनावहिनी दारातच, हातात मोबाईल. "ताई, हे तुम्ही केलंत? आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर आलंय. यांना कामावर फोन आले सकाळपासून."

द्वारकाबाई आत भिंतीला टेकून बसलेल्या. समोर कळशी. "वाचून दाखव," त्या मला म्हणाल्या. "तुजे फोटूवरचा."

मी वाचलं. आम्ही तेव्हाही होतो. धवलारीण हिराबाई व द्वारकाबाई यांस.

"फुडं?"

"पुढचं... मावलं नाही."

"मावला नाय?" त्यांनी कळशी माझ्याकडे सरकवली आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. वाचता येत नसलेल्या बाईनं बरोबर त्या ओळीवर. "हिचे घराचा नाव कापलास. सगल्या मांडवासमोर ती उटली. येकटी. नवरा बगतो, दीर बगतान, तरी सोताचा लुगरा आनला तिनं. ती नसती त हिरानं धवला गायला नसता, न् मना दुसरे दिवशी गावाबाहेर काडला असता. आमी दोगी होतो म्हनून कलशी नाय झाली, बाय. दिली म्हनून झाली."

मी पिशवीतला पेढ्याचा पुडा बाजूला ठेवला आणि मोबाईल काढला.

"पोस्टर काढून टाकते," मी म्हणाले. "पण आजी, पुस्तकात फोटो छापायचाय. तो छापला तर त्या पोरी राहतात. नाहीतर..."

"नायतर काय?"

"नाहीतर त्यांना नुसत्या मैत्रिणी करायला सांगितलंय."

त्यांनी कळशी पदरानं पुसली. मग म्हणाल्या, "तीनपन ओली लिव. मंग छाप. पन त्या घरला इचार. नाव त्यांचा हाय. नाय बोलले त येकपन नको."

गोदामापाशी

ते घर आता मोठं झालंय. जमीन गेली, ट्रेलर आले. म्हातारीचा नातू, पन्नाशीचा माणूस, एका गोदामाच्या आवारात केबिनमध्ये बसतो. मला थंडा मागवला. फोटो बघितला. तिसरी ओळ बघून त्याचा चेहरा क्षणभर सैल झाला.

"आजी तशीच होती," तो म्हणाला. "कुणाला घाबरली नाय. द्वारकाआत्या आमच्याकडं गणपतीला यायच्या, हिराआत्यासोबत. आमी पाया पडायचो दोघींच्या."

"मग छापू?"

त्यानं फोटो परत दिला. "माझ्या मुलीचं लग्न ठरतंय, ताई. मोठं घर आहे समोरचं. असल्या गोष्टीत आमचं नाव नको."

"असल्या" हा शब्द ऐकला आणि माझ्या जिभेवर अख्खं पत्रक तयार झालं, दोन्ही बाजूंनी छापलेलं. तुमची आजी भर मांडवात उठली आणि तुम्ही केबिनमध्येही उठत नाही, हे त्याचं पहिलं वाक्य होतं. मी ते बोलले नाही. दोनच ओळींचा कापलेला फोटो अजून माझ्या मोबाईलमध्ये होता, आणि भांडण झालं तर तो वापरायला निमित्त मिळेल असंही मनात आलं. त्याचीच मला जास्त लाज वाटली.

"आत्याला काय कमी पडलं तर सांगा," तो उठून उभा राहत म्हणाला. मनापासून म्हणाला. हेच मला अजून पचलेलं नाही.

द्वारकाबाईंना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे मंग." आणि थोड्या वेळानं, "लगीन ठरला का तिचा? कोन लावनार? धवला त आता कोनाला येत नाय."

मी तिथंच त्यांच्यासमोर मोबाईलमधला फोटो पुसून टाकला. मग एकटीच मिठागर बघायला गेले. खाडीकडे एक उरलंय. चौकोनी वाफे, त्यांत आभाळ, बांधावर छोट्या पांढऱ्या राशी. कुणी नव्हतं. मी चप्पल काढून कडेच्या ओल्या चिखलात उतरले. तुडवून बघितलं. दोन पावलांत घसरले आणि कोपरापर्यंत माखले. एकटीला ते जमत नाही. त्याची रीतच तशी आहे.

पनवेल

शेवटच्या दिवशी सायली-तेजलशी बोलणं झालं होतं, म्हणजे चहा-पाण्यापुरतं. बस सुटायला वेळ होता. पनवेलच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात शिरले आणि एक स्टीलचा डबा घेतला, कडीचा, मध्यम. दुकानात नाव टाकून देणारा काका होता, कानात कापूस, हातात घुर्र करणारी मशीन.

"काय टाकू?"

"सायली व तेजल यांस."

त्यानं वर बघितलं. "बहिणी?"

माझ्या बॅगेत याचं उत्तर देणारी पत्रकं होती. शंभरेक. "नाही," मी म्हणाले.

"बरं." त्यानं दोन ओळी टाकल्या. "आता कुणाकडून?"

"तेवढंच राहू द्या."

"असं कसं? देणाऱ्याचं नाव लागतं. नाहीतर दुकानातनं उचलून आणल्यासारखं दिसतं."

त्या कळशीवर "यांचे घरातून" होतं. लातूरला माझी भाड्याची खोली आहे. आईच्या घरातून मी काही देऊ शकत नाही. काका मशीन बंद न करता वाट बघत होता.

"प्रतीक्षाकडून," मी म्हणाले.

परत खांदेश्वरला जाऊन डबा सायलीच्या सोसायटीच्या वॉचमनकडे ठेवला आणि बस पकडली.

लातूर

महिना संपला. दिवाळीनंतरचं ते चांदणं मी कादंबरीतून काढलं. आता चंद्रा आणि मथी चिखल तुडवतात, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून, आणि प्रेम तिथंच होतं. शेवटी माझी टीप आहे, चार पानं नाही, एकच. त्यात लिहिलंय: चिखल खरा आहे, दोन लुगडी खरी आहेत, नावं रचलेली आहेत. एक भांडं आहे, त्यावर तीन ओळी आहेत. तिसरी छापायची परवानगी नाही, म्हणून पहिल्या दोन मी छापत नाही.

संपादकबाई म्हणाल्या, "म्हणजे आधार नाहीच." मग म्हणाल्या, "मैत्रिणी करतेस का?" मी नाही म्हणाले. हस्तलिखित परत आलं आहे. दुसरीकडे पाठवीन. तिथंही हेच विचारतील, तेव्हा हीच टीप दाखवीन.

सायलीचा तीन आठवडे काही निरोप नव्हता. डबा मिळाला का, हे मी विचारलं नाही. मग परवा संध्याकाळी मेसेज आला.

"काकूंकडे तुझ्या डब्यातून खीर पाठवली होती. तेजलनं. माझं लक्ष नव्हतं."

"मग?"

"आज डबा परत आला. शंकरपाळे भरून."

"नावं वाचली त्यांनी?"

"वाचली ना. दारातच चष्मा लावून. तिन्ही ओळी."

"काय म्हणाल्या?"

"आमचं काहीच विचारलं नाही गं. म्हणाल्या, ही प्रतीक्षा कोण?"

मी फोन हातात धरून खोलीतल्या एकुलत्या खुर्चीवर बसले. विचारलं, "काय सांगितलंस?"

"सांगितलं, आमच्या घरची आहे. लातूरला असते."